सही झाली, पण होकार कोणाचा होता?

पॉवर प्रेसखाली बोटं गेलेला कामगार, पक्षाघातानंतर शब्द सापडत नसलेली आजी, बौद्धिक अक्षमता असलेली विशीतली मुलगी, दारू सुटत नाही म्हणून घरच्यांनी केंद्रात आणून सोडलेला भाऊ. नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यातून किंवा सरकारी वॉर्डातून सुट्टी मिळाली, की या सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: आता पुढे काय? त्या ‘पुढे काय’ची सुरुवात बहुधा एका फॉर्मने होते. फॉर्मच्या खाली सहीची जागा असते, आणि त्या जागी अनेकदा वडिलांची, नवऱ्याची किंवा मामाची सही असते. ज्याचं आयुष्य त्या कागदावर ठरतं, तो शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेला असतो.

ही सही कायद्याने आणि व्यवसायाच्या नीतीने पुरेशी आहे का? नाही. का नाही आणि मग काय करायचं, ते या लेखात बघू.

पुनर्वसन समुपदेशक म्हणजे कोण?

डॉक्टर जखम बरी करतात, फिजिओथेरपिस्ट हातपाय चालवतात, कृत्रिम पाय बसवणारे तंत्रज्ञ पाय बसवतात. त्यानंतर त्या माणसाला जगायचं असतं. जुनं काम जमेल की नवं शिकावं लागेल, घरात कोणते बदल करावे लागतील, मालकाशी काय बोलायचं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि योजना कशा मिळवायच्या, खचलेलं मन कसं सावरायचं, हे सगळं त्याच्यासोबत बसून ठरवणारा माणूस म्हणजे पुनर्वसन समुपदेशक. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात या व्यवसायाचा स्वतंत्र उल्लेख आहे. अशा व्यावसायिकांची नोंद परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. नागपुरात दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. पण प्रत्यक्षात हे काम सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि संस्थांचे कार्यकर्तेही करतात. त्यांच्या दारावरची पाटी वेगळी असली, तरी पुढे सांगितलेलं त्यांनाही लागू आहे.

या कामात हाती सत्ता असते, हे समुपदेशकांनाही पुष्कळदा जाणवत नाही. प्रशिक्षणासाठी नाव कोणाचं पाठवायचं, अहवालात ‘काम करू शकतो’ लिहायचं की ‘करू शकत नाही’, वसतिगृहाची शिफारस करायची की घरी राहण्याची, हे त्यांच्या पेनातून उतरतं. समोरचा माणूस आधीच घाबरलेला असतो, पैशाने आणि शरीराने अडलेला असतो. अशा माणसाकडून ‘हो’ काढून घेणं फार सोपं आहे. म्हणून तर नियम कडक हवेत.

होकार खरा कधी म्हणायचा?

माहितीपूर्ण संमती हा या विषयातला मुख्य शब्द. कशाला हो म्हणतोय, त्याचे फायदे-तोटे काय, दुसरे पर्याय कोणते, हे आपल्याला कळेल अशा भाषेत ऐकून घेऊन, कुणाच्या दबावाशिवाय दिलेला होकार, असा त्याचा अर्थ. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या व्याख्येतही हेच आहे: विशिष्ट गोष्टीसाठी, बळजबरी, फसवणूक, धमकी किंवा गैरसमज नसताना, त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीने माहिती दिल्यावर मिळालेली संमती. ही व्याख्या मानसिक उपचारांपुरती असली, तरी सगळ्याच पुनर्वसनाला तीच फूटपट्टी लावावी, असं माझं मत आहे.

समजा, हिंगणा एमआयडीसीत प्रेसवर काम करणाऱ्या 26 वर्षांच्या तरुणाची उजव्या हाताची चार बोटं गेली. जखम भरल्यावर तो वडील आणि मामासोबत समुपदेशक मॅडमकडे आला. मॅडमनी संगणकाच्या एका कोर्सची माहिती दिली. सहा महिने, राहणं-खाणं मोफत.

“तुम्ही सांगान तसं करू, मॅडम,” वडील म्हणाले.

“हाव, टाका त्याचं नाव. पोट्ट्याले काय समजते?” मामाने फॉर्म पुढे ओढला.

मुलगा डाव्या हाताने उजव्या हातावरची पट्टी नीट करत होता. मॅडमनी विचारल्यावर त्यानेही मान हलवली. कागदोपत्री इथे संमती पूर्ण झाली. पण मॅडमनी घरच्यांना चहा प्यायला पाठवलं आणि मुलाला एकट्याला विचारलं, “हा कोर्स नको असता, तर काय केलं असतं?” थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, “मामा म्हणते, कोर्स नाही केला तं पैसे अडकतीन. मले तं त्याच कंपनीत जायचं आहे. स्टोअरमधी.”

त्याचा होकार भीतीतून आला होता, आणि भीती चुकीच्या माहितीतून. कामगार विमा योजनेत कायमच्या अपंगत्वाची रक्कम वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या कमाईच्या क्षमतेतल्या घटीवर ठरते. कोर्सला बसलं की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता दुसरी, कडू बाजूही सांगायला हवी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढायचं नाही, जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच पगारात घ्यायचं, अशी तरतूद आहे. पण ती सरकारी आस्थापनांसाठी. खासगी कंपनीच्या मालकाशी बोलणी करावी लागतात आणि तो नाही म्हणू शकतो. हेही ऐकल्यावर मुलगा जे ठरवेल तो त्याचा निर्णय. कदाचित तो कोर्सच निवडेल. मग तो कोर्स खरोखर त्याचा असेल.

समजलं की नाही, हे तपासायची एक साधी रीत आहे. “समजलं का?” असं विचारलं की सगळेच मान हलवतात. त्याऐवजी “आता हेच घरी आईला कसं सांगाल, मला सांगून दाखवा,” असं म्हणायचं. सांगताना जिथे तो अडखळेल, तिथून पुन्हा समजावायचं. कोर्स ‘सहा महिने’ म्हणजे दिवाळीला घरी येता येणार नाही, अशा बारीक गोष्टी इथेच उघड होतात. आणि मुलगा नाही म्हणाला, तर त्या नकाराची किंमत त्याला मोजावी लागता कामा नये. फिजिओथेरपी बंद होणार नाही, दाखला अडवणार नाही, पुढच्या भेटीत तोंड फिरवणार नाही, हे मॅडमनी आधीच बोलून दाखवायला हवं.

एकदा सही केली की पुढचं सगळं मान्य?

घर बांधताना आपण नकाशावर सही करतो. म्हणून मिस्त्री पुढे न विचारता ओटा कुठे घ्यायचा, देवघराचं तोंड कुठे करायचं, हे ठरवत नाही. स्लॅबला सळई किती हवी हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ‘ही भिंत काढली तर स्लॅब खाली येईल’ असं तो ठामपणे सांगू शकतो, सांगायलाच हवं. पण राहायचं आपल्याला आहे, म्हणून टप्प्याटप्प्याला तो विचारतो. पुनर्वसनातही ज्ञान समुपदेशकाचं आणि घर त्या माणसाचं, ही वाटणी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात नेमकं हेच सांगितलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचं गर्भाशय, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढलं गेलं. न्यायालय म्हणालं की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान, समजत्या महिलेच्या वतीने आईही होकार देऊ शकत नाही. भूल उतरेपर्यंत थांबता आलं असतं. हा निकाल शस्त्रक्रियेबद्दलचा आहे, पण समुपदेशनाच्या खोलीतही तो डोक्यात असावा. करिअर चाचणीला हो म्हणजे मालकाला निकाल कळवायला हो नव्हे. फोटो काढायला हो म्हणजे संस्थेच्या फेसबुक पानावर तो टाकायला हो नव्हे. देणगीदारांना दाखवायला म्हणून कृत्रिम पाय लावलेल्या माणसांचे फोटो आपल्याकडे सर्रास वापरले जातात; त्यातल्या किती जणांना नीट विचारलेलं असतं, हा प्रश्न संस्थांनी स्वतःला विचारावा.

आणि दिलेला होकार मागे घेता येतो. अर्ध्यातून सोडण्याचे परिणाम काय, हे सांगायचं; सोडू नको म्हणून धाक घालायचा नाही.

दोन चांगल्या गोष्टी भांडायला लागल्या तर?

नीतीचे प्रश्न चांगलं विरुद्ध वाईट असे आले असते, तर सोपे होते. ते चांगलं विरुद्ध चांगलं असे येतात. अमेरिकेतल्या पुनर्वसन समुपदेशकांच्या आचारसंहितेत सहा तत्त्वं आहेत. माणसाचा स्वतःबद्दलचा निर्णय मानणं, त्याचं भलं करणं, त्याला इजा न करणं, न्यायाने वागणं, दिलेला शब्द पाळणं आणि खरं बोलणं. वाचायला सहाही पटतात. अडचण दोन तत्त्वं समोरासमोर आली की सुरू होते.

वर्धा रोडवरच्या अपघातात पाय गमावलेल्या ट्रकचालकाचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात चालू आहे, असं धरू. समुपदेशकाला त्याच्या कामाच्या क्षमतेवर अहवाल द्यायचा आहे. तो हात जोडून म्हणतो, “साहेब, मी बसून काम करू शकतो असं लिहू नका. पैसे कमी होतील.” त्याच्या घरात तीन लहान मुलं आहेत. इथे त्याचं भलं एकीकडे आणि खरं बोलणं दुसरीकडे.

अशा वेळी समुपदेशकाने मनाच्या कौलावर जाऊ नये. आधी पेच नेमका कुठे आहे ते लिहून काढावं. कायदा काय म्हणतो ते बघावं. कोणाकोणावर परिणाम होणार, ते मोजावं. एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला नाव न सांगता विचारावं. मग त्या माणसाला सोबत घेऊन पर्याय तपासावेत, जे ठरलं ते आणि का ठरलं ते नोंदवून ठेवावं.

या प्रकरणात कायदा बघितला की बराच गुंता सुटतो. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केलं आहे की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेल्या ड्रायव्हरची रोजी पूर्ण जाऊ शकते. कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणजे अहवालात खोटं लिहायची गरजच नाही. ‘अवजड वाहन चालवू शकत नाही, हेच त्याचं शिकलेलं एकमेव काम होतं, सलग दोन तासांपेक्षा जास्त बसता येत नाही, बैठ्या कामासाठी वेगळं शिक्षण लागेल’ असं नेमकं लिहिलं, तर खरंही राहतं आणि त्याचं नुकसानही होत नाही. पाठवण्याआधी तो अहवाल त्याला वाचून दाखवावा. तरीही त्याला खोटंच हवं असेल, तर समुपदेशकाने नाही म्हणायचं. निर्णय त्याचा, पण सही समुपदेशकाची आहे.

खरी चूक अशा प्रकरणात बहुधा पहिल्याच भेटीत झालेली असते. हा अहवाल कोणाकडे जाणार, समुपदेशकाचं मानधन कंपनी देते, विमावाले देतात की संस्था, इथे बोललेलं कोणत्या कागदावर उतरणार, हे तेव्हा सांगितलेलंच नसतं. माणूस त्याला आपला समजून मन मोकळं करतो आणि महिन्यांनी तेच शब्द स्वतःविरुद्ध वाचतो. पुनर्वसनातले बहुतेक पेच असे पहिल्या दिवशी न सांगितलेल्या गोष्टींतून तयार होतात.

“आपल्याकडे घरचेच ठरवतात, त्यात वाईट काय?”

वाईट काही नाही. खर्च घर करतं, आंघोळ घर घालतं, रात्री उशाशी घरचंच माणूस बसतं. ‘एकट्याने ठरवा’ असा आग्रह धरणं ही वेगळी जबरदस्ती होईल. कुणी म्हणालं, “माझ्या मोठ्या भावाला विचारून सांगतो,” तर तो त्याचा निर्णयच आहे. फरक एवढाच की भावाला विचारायचं की नाही, हे त्याने ठरवावं. भावाने परस्पर नव्हे. म्हणून पहिल्या भेटीत काही मिनिटं तरी एकट्याशी बोलायचंच, विशेषतः बाईमाणसाशी. सासू आणि नवरा दोघेही खोलीत असताना घरातल्या मारहाणीबद्दल कुणी बोलत नाही. आणि बहिऱ्या व्यक्तीशी बोलताना घरचाच माणूस दुभाषा नको. सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलवावा.

“पण तो चुकीचं ठरवतोय!”

ठरवू द्या, असं उत्तर दिलं की लोकांना राग येतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र हे स्पष्टपणे लिहून ठेवलं आहे: एखाद्याचा निर्णय इतरांना अयोग्य वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येत नाही. धडधाकट माणसं नोकरी सोडून पानठेला टाकतात, तेव्हा आपण त्यांची क्षमता तपासत नाही. समुपदेशकाने गप्प बसावं, असा याचा अर्थ नाही. धोका दिसतोय तर तो स्पष्ट, एकदा नव्हे दोनदा सांगावा. घाबरवायला आकडे फुगवू नयेत.

“तिला समजतच नाही, मग विचारायचं कोणाला?”

ही सगळ्यांत जड शंका आहे. 1994 साली शिरूरच्या शासकीय गृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण देण्यात आलं. महाराष्ट्र त्यावर हादरला होता. ‘तिच्याच भल्यासाठी’ हे शब्द कुठवर जाऊ शकतात, ते तिथे दिसलं. आता दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं की मोकळ्या आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणाही दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व येईल असा उपचार करता येणार नाही. चंदीगडच्या शासकीय संस्थेतल्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या गर्भवती तरुणीच्या प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात थांबवला.

समज ही दिव्याच्या बटणासारखी चालू किंवा बंद नसते. बँकेचं कर्ज कळत नसलेल्या मुलीला मेणबत्त्या बनवायच्या की शिवणकाम करायचं, हे पक्कं कळतं. 2016 च्या कायद्यातलं कलम 14 म्हणून मर्यादित पालकत्वाची भाषा करतं: ठराविक निर्णयापुरतं, ठराविक मुदतीपुरतं, त्या व्यक्तीशी मिळून आणि तिच्या इच्छेनुसार. आधार देणाऱ्याने दडपण आणू नये, हे कलम 13 मध्ये आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडून पालक नेमता येतो. पण पालक नेमला म्हणजे तिला विचारणं संपलं, असं नाही.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांचं तर वेगळंच दुःख. आत सगळं कळत असतं, शब्द निघत नाही. घरचे त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल ‘ती’, ‘तो’ म्हणून बोलतात. दोन चित्रं समोर ठेवा, घरचं अंगण आणि केंद्राची खोली. एका वेळी एकच प्रश्न विचारा, हो-नाही साठी बोट किंवा पापणी ठरवा. थोड्या वेळाने तोच प्रश्न उलटा विचारा. निवड तीच राहिली, तर ते त्यांचं उत्तर. कायद्यानेही बोलून, हावभावाने किंवा खुणेने कळवलेला निर्णय मानला आहे.

दारू सोडवायला उचलून नेलं, तर?

नागपुरात ‘पुनर्वसन केंद्र’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे व्यसनमुक्ती केंद्रच येतं. रात्री गाडी येते, चौघं जण झोपेतून उचलतात, फोन काढून घेतात. घरच्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो, हे मला कळतं. रोजची मारहाण आणि विकलेले दागिने ज्यांनी सोसले, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार कुणाला नाही. तरीही कायदा वेगळा आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आरोग्य सेवा कायद्यात येतात. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर त्या व्यक्तीच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (तिने स्वतः नेमलेल्या, नसेल तर कायद्याने ठरणाऱ्या माणसाचा) अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळी तपासणी करावी लागते आणि त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो, स्वतःला किंवा इतरांना गंभीर धोका असल्यासारखी कारणं लागतात. असं दाखल करणं 30 दिवसांपर्यंतच असतं. पुरुषाच्या बाबतीत 7 दिवसांत आणि स्त्रीच्या किंवा अल्पवयीनाच्या बाबतीत 3 दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. साखळदंडाला तर पूर्ण मनाई आहे. ‘कोणतीही तपासणी लागत नाही, फक्त पत्ता पाठवा’ असं जे केंद्र फोनवर सांगतं, तिथे आपलं माणूस पाठवू नका.

बोललेलं गुप्त राहतं का?

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक घरांत आहे आणि 2016 च्या कायद्याने तो 21 दिव्यांगत्वांत धरला आहे. नोकरी मिळवून देताना समुपदेशकाने मालकाला आजाराचं नाव सांगायचं का? मालकाला एवढंच कळणं पुरे की या मुलीला अधूनमधून सुट्टी लागेल, पाणी जवळ हवं, कडक थंडीत बाहेरचं काम देऊ नये. नाव सांगायचं की नाही, हे ती ठरवेल. लग्नाच्या बोलण्यात तर समुपदेशकाने परस्पर एक शब्दही काढू नये.

गुप्ततेला अपवाद आहेत आणि ते आधीच सांगावे लागतात. जिवाला धोका दिसला, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर बोलावं लागतं. 18 वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन म्हणूनच देऊ नये.

“एवढा वेळ कुणाकडे आहे?”

बाहेर रांग लागलेली असते, हे खरं. पण वर सांगितलेलं बरंचसं दहा मिनिटांचं आहे: एकट्याशी बोलणं, मराठी-हिंदीत लिहिलेला एक पानी कागद घरी न्यायला देणं, सही पुढच्या भेटीला घेणं. मुदत टळत नसेल तेव्हाच त्याच दिवशी.

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी अशा खुर्चीत बसलं, तर विचारा: तुमची पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, असली तर क्रमांक काय? माझ्याबद्दल लिहिलेलं कोण वाचणार? हे नको असेल तर दुसरं काय आहे? मधेच थांबलो तर काय होईल? कागद मला वाचून दाखवाल का? आणि सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. उत्तरं टाळली गेली, तर त्या दिवशी सही करू नका. दिव्यांग हक्कांबद्दलची तक्रार पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी करता येते, मानसिक आरोग्य केंद्राबद्दलची मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे. दोन्हींसाठी ती प्रत लागते.